दाभोळची होळी व दीवची लढाई

दीवची लढाई आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा एका परिच्छेदांत आटोपते. ता. ३ फेब्रुवारी १५०९ रोजीं पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदा यानें मिसर, गुजरात व कालिकत यांच्या संयुक्त आरमाराचा दीव बंदराच्या तोंडाशीं मोड केला, आणि हिंदी महासागरावर फिरंग्यांचा अंमल बसला, एवढें सांगून ग्रंथकार पुढें जातो. तीन सत्ता एका बाजूस असतां त्यांचा असा मोड कां व्हावा, असें विचारल्यास उत्तर तयार असतें. फिरंग्यांचीं जहाजें भक्कम, त्यांच्या तोफा मोठ्या, आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ दगाबाज. आम्हींहि हेंच शिकलों, व कबूल केलें पाहिजे कीं, वर्गांत उभे राहून कित्येक वर्षें हेंच शिकविलें. यांपैकीं पहिल्या दोन कारणांविषयीं आम्हांस आजहि शंका नाहीं. तिसरें कारण मात्र आतां पूर्वीसारखें सहज तोंडांतून निघत नाहीं. आणि त्याला निमित्त झालें तें दीव नव्हे, दाभोळ.

गेल्या हिवाळ्यांत दाभोळास जाण्याचा योग आला. वाशिष्ठी नदी चिपळूणकडून वळणें घेत येऊन जेथें समुद्रास मिळते तेथें उत्तर तीरावर हें गांव आहे. समोरच्या तीरावर धोपावें, आणि त्याच्या पश्चिमेस, खाडीच्या मुखावर, अंजनवेल. दाभोळचें नांव गेल्या पिढींत देशभर गाजलें तें वीजप्रकल्पामुळें. वास्तविक तो प्रकल्प पलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यांत आहे. दाभोळच्या वांट्यास त्याचें नांव तेवढें आलें. दुसऱ्यांच्या भानगडींत नांव गोवलें जाणें हें या गांवाच्या नशिबींच लिहिलें आहे कीं काय न कळे, कारण पांचशें वर्षांपूर्वीं असेंच झालें होतें, आणि त्या वेळीं नुसत्या नांवावर भागलें नाहीं.

धक्क्याजवळ काळ्या दगडाची, घुमटाची एक देखणी मशीद आहे. ती १५५९-६० च्या सुमाराची, विजापूरकरांच्या अमदानींतील. तिच्यापूर्वींचें दाभोळ शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. पण पंधराव्या शतकांत हें गांव म्हणजे बहामनी राज्याचें समुद्राकडील महाद्वार होतें. महमूद गावान इराणांतून निघून हिंदुस्थानांत प्रथम उतरला तो येथेंच. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी बीदरपर्यंतचा मुलूख पाहून परत निघाला, तेव्हां हुर्मुझला जाणाऱ्या जहाजांत तो याच बंदरांत बसला. अरबस्तान व इराण येथून घोडे यावयाचे, आणि घाटावरून उतरलेलें कापड व धान्य बाहेर जावयाचें, असा येथील व्यापार होता. बहामनी राज्य मोडलें तेव्हां दाभोळ विजापूरच्या यूसुफ आदिलशहाकडे आलें. जकात देणाऱ्या बंदराला धनी बदलल्याची खंत सहसा नसते. तीं गलबतें तशींच येत राहिलीं.

इ. स. १४९८ मध्यें वास्को द गामा कालिकतास उतरला व त्यानंतर चारपांच वर्षांच्या आंत अरबी समुद्राचें जुनें रहाटगाडगें थांबण्याची वेळ आली. मिरीचा व्यापार तांबड्या समुद्रांतून मिसरांत व तेथून व्हेनिसकडे जात असे. फिरंग्यांनीं तो आफ्रिकेस वळसा घालून लिस्बनकडे नेण्यास सुरुवात केली, आणि वाटेंत भेटेल त्या मुसलमानी जहाजाला शत्रूचें जहाज मानलें. कालिकतच्या झामोरीनाचें शहर त्यांनीं तोफांनीं फोडलें. कैरोचा मामलूक सुलतान कान्सूह अल्-घौरी याची जकात बुडाली. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनीं सुलतानाचे कान भरले. ख्रिस्ती प्रजासत्ताकानें ख्रिस्ती राजाविरुद्ध मुसलमान सुलतानास चिथवावें यांत त्या काळच्या शहाण्यांस कांहीं वावगें वाटलें नाहीं. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा हाहि यांत सामील झाला, आणि अशा रीतीनें एका समुद्राच्या दोन तीरांवरील सत्तांचा संघ जमला.

कागदावर हा संघ मोठा दिसे. परंतु प्रत्येकाला त्यांतून काय हवें होतें तें जरा निरखून पाहावें. कैरोला जकात हवी होती. समुद्रावर राज्य करण्याची हौस मामलूकांना कधींच नव्हती. मिसरांत जहाजास लागणारें लांकूडहि मिळत नसे. तें भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरून आणून, पुढें वाळवंटांतून सुएझपर्यंत वाहून नेऊन तेथें जहाजें बांधावीं लागलीं. झामोरीनाला आपलें शहर वांचवावयाचें होतें, व त्याहून अधिक, फिरंग्यांच्या जिवावर उड्या मारणाऱ्या कोचीनच्या राजाची खोड मोडावयाची होती. महमूद बेगडा मुळांत जमिनीवरचा राजा. त्याच्या दृष्टीनें दीव हें राज्याच्या टोकावरील एक उत्पन्नाचें ठाणें होतें, व तें त्यानें मलिक अयाझाच्या हातीं सोंपविलें होतें. हा अयाझ मूळचा परदेशांतून आलेला गुलाम. स्वतःच्या कर्तृत्वानें तो वर चढला, आणि दीवला त्यानें किनाऱ्यावरील पहिल्या प्रतीचें बंदर बनविलें. म्हणजे एकाचा प्रश्न खजिन्याचा, दुसऱ्याचा अब्रूचा, तिसऱ्याचा एका कोपऱ्यांतील ठाण्याचा. ज्याचें सर्वस्व खरोखर पणास लागलें होतें तो एकटा अयाझ. आणि संघाच्या वाटाघाटींत त्याला स्वतंत्र स्थान नव्हतें, कारण तो राजा नव्हता.

मिसरी आरमार १५०५ सालीं अमीर हुसेन या कुर्द सरदाराच्या हाताखालीं सुएझहून निघालें. वाटेंत जिद्द्याची तटबंदी वगैरे कामें उरकून दीवला पोहोंचण्यास त्याला जवळजवळ दोन वर्षें लागलीं. नंतर मार्च १५०८ मध्यें चौलच्या खाडींत पहिली गांठ पडली. तेथें व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा कांहीं जहाजें घेऊन उभा होता. हुसेननें पहिला मारा केला. अयाझ आपलीं हलकीं गलबतें घेऊन मागाहून आला, आणि आल्यावरहि थोडा वेळ दूरच राहिला, असें पोर्तुगीज इतिवृत्तकार सांगतात. शेवटीं लोरेन्सुचें जहाज कोळ्यांनीं खाडींत रोंवलेल्या खुंटांत अडकलें. गोळा लागून पाय निकामी झाला तरी तो डोलकाठीशीं बसून हुकूम देत राहिला, आणि तेथेंच पडला.

लोरेन्सु तेथून निसटला कां नाहीं, याचें कारणहि दाभोळाशींच येऊन पोहोंचतें. त्याच्या आधीं एकदां कालिकतच्या ताफ्यानें कोचीनच्या व्यापाऱ्यांचीं गलबतें दाभोळच्या खाडींत कोंडलीं होतीं. लोरेन्सु मुखाशीं आला होता. त्याच्या मनांत आंत शिरावयाचें होतें. परंतु कप्तानांच्या सभेनें बहुमतानें नको म्हटलें, व तो परतला. व्हाइसरॉय संतापला आणि त्यानें त्या कप्तानांस शासन केलें. बापाचा तो संताप मुलगा विसरला नसावा. चौलला माघार घेण्याची संधि होती, तेव्हां त्यानें ती घेतली नाहीं.

चौलला विजय संघाचा झाला, आणि दोस्तांची खरी परीक्षा पराभवापेक्षां विजयानंतर अधिक होते. हुसेनचीं माणसें फार मारलीं गेलीं होतीं. जिवंत सांपडलेले एकोणीस फिरंगी मात्र अयाझच्या हातीं लागले, व ते त्यानें हुसेनच्या हवालीं केले नाहींत. त्यांना त्यानें दीवला नेलें, चांगलें खाऊंपिऊं घातलें, आणि व्हाइसरॉयकडे त्याच्या मुलाच्या शौर्याची तारीफ करणारें दुखवट्याचें पत्र पाठविलें. येथें आमच्या जुन्या वर्गटिपणांत 'कावेबाज' असा शेरा आहे. कावा तर खराच. परंतु उद्यां हुसेन आपलीं जहाजें घेऊन तांबड्या समुद्रांत परत जाईल आणि आपण मात्र येथेंच राहूं, हें ज्याला दिसत होतें त्या माणसानें दुसरें काय करावयास पाहिजे होतें?

नऊ महिने गेले. मधला पावसाळा सोडला तरी संघाला बराच अवधि होता. हुसेनला त्या काळांत कैरोहून नवी कुमक मिळाली नाहीं. तिकडे आल्मेदाची मुदत संपून त्याच्या जागीं आफोन्सु द आल्बुकेर्क डिसेंबरांत येऊन दाखल झाला होता. मुलाचा सूड उगविल्यावांचून अधिकार सोडणार नाहीं असें त्याला सांगून म्हाताऱ्या व्हाइसरॉयनें शिडें उभारलीं. त्याच्याबरोबर सुमारें अठरा जहाजें, बारातेराशें पोर्तुगीज व कोचीनचे कांहीं नायर एवढें बळ होतें. जावयाचें होतें दीवला. वर्षाच्या अखेरीस तो वळला मात्र दाभोळकडे.

दाभोळचा अपराध कोणता? चौलच्या लढाईंत जहाजें होतीं तीं मिसरचीं व गुजरातचीं. आदिलशाही आरमार तेथें नव्हतें. बंदरांतील व्यापाऱ्यांची सहानुभूति कोणाकडे होती हें सांगावयास नकोच. परंतु सहानुभूतीला तोफा नसतात. दाभोळास शिबंदी होती, रक्षणाची तजवीजहि होती. ती कांहीं तासांत कोसळली. पुढें जें झालें त्याला लढाई म्हणतां येत नाहीं. पुरुष, स्त्रिया, मुलें, जें समोर आलें तें कापलें गेलें, व शहरास आग लावण्यांत आली. ती आग इतकी पसरली कीं, जेत्यांना स्वतःस हवी असलेली धान्यसामग्रीहि तींत गेली, आणि पुढच्या प्रवासांत त्यांना उपासमारीची झळ लागली. ही कत्तल लपवावी असें पोर्तुगीज लेखकांनाहि वाटलें नाहीं. फिरंग्यांचा जो कोप दाभोळवर झाला तो तुझ्यावर होवो, अशी शिवीच त्यानंतर या किनाऱ्यावर रूढ झाली, असें त्यांनींच नमूद करून ठेविलें आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत दाभोळ जळलें. दीवची लढाई फेब्रुवारीच्या तिसऱ्या दिवशीं झाली. या दोन तारखांमध्यें पांच आठवड्यांचें अंतर आहे. आमच्या मतें दीवच्या लढाईचा निकाल या पांच आठवड्यांत लागला, आणि आमच्या ग्रंथकारांनीं नेमके तेच गाळले आहेत.

दाभोळच्या मदतीस कोणी आलें नाहीं. हुसेन दीवलाच होता. विजापूरकरांचें लक्ष घाटावर होतें. पुढें चौल व माहीम येथून जातांनाहि आल्मेदाला कोणी अडविलें नाहीं. त्यानें अयाझला जो निरोप धाडला त्याचा मतलब असा कीं, माझ्या मुलाला मारणाऱ्यांचा समाचार घ्यावयास मी येत आहें. ते तुझ्या शहरांत सांपडले नाहींत तर शहरच घेईन, आणि चौलला केलेल्या मदतीबद्दल तुलाहि सोडणार नाहीं. एरवीं हें पत्र म्हणजे धमकी ठरलें असतें. दाभोळनंतर तें हिशेबाचें पत्र झालें. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गलबतानें दाभोळची बातमी दीवला नेली असेल, आणि अयाझनें ती ऐकून आपल्या वखारींकडे, गोद्यांकडे व वस्तीकडे एकदां पाहिलें असेल. आल्मेदानें हा परिणाम हेतुपुरस्सर साधला, कीं त्याला केवळ रक्त हवें होतें? माणूस शोकानें पिसाळलेला होता. पण पिसाळलेला माणूसहि युद्धशास्त्र विसरतोच असें नाहीं.

दीवच्या बाहेर शत्रु दिसूं लागला तेव्हां दोस्तांत वाद पडला तो असा. हुसेनचा विचार खुल्या समुद्रांत जाऊन, फिरंगी सांवरण्यापूर्वींच त्यांना गांठावें. अयाझला भीति कीं, एकदां बाहेर पडल्यावर हा तसाच मिसरचा रस्ता धरील आणि आपल्याला एकट्याला आल्मेदाच्या तोंडीं देईल. म्हणून लढावयाचें तें आमच्या किल्ल्याच्या तोफांखालीं, खाडींतच, असा त्यानें हट्ट धरला. झालें तसेंच. मोठीं जहाजें नांगर टाकून एका रांगेंत उभीं राहिलीं. कालिकतचीं व गुजरातचीं शेंकडों वल्हीं असलेलीं चपळ गलबतें दाटींत निरुपयोगी झालीं. आणि उभ्या जहाजांवर तोफा डागण्यांत फिरंगी तरबेज होते. अयाझ स्वतः लढाईंत उतरला नाहीं. हुसेन जखमी होऊन निसटला. दुसऱ्या दिवशीं चौलचे एकोणीस कैदी चांगले कपडे घालून व्हाइसरॉयकडे परत गेले, तह झाला, दंड भरला गेला, आणि दीव जळलें नाहीं.

हें शेवटचें वाक्य आम्हीं मुद्दाम लिहिलें. अयाझनें दगा दिला असें म्हणतांना दीव उभें राहिलें हें सांगण्यास आपण विसरतों. पोर्तुगीजांना तें मिळण्यास पुढें १५३५ साल उजाडावें लागलें. हुसेनच्या पकडलेल्या लोकांचे मात्र फार हाल झाले. कण्णनूरला त्यांतील कित्येकांना तोफेच्या तोंडीं दिलें. संघ जिंकता तर त्याचें फळ कैरोला व कालिकतला मिळतें, आणि हरतां तर पहिली आग दीवला लागती. अशा सौद्यांत जामीन कोण होता? कोणीच नाहीं. एकानें मारलेल्या शत्रूचा सूड दुसऱ्याच्या घरावर उगवला जात असतां तिसऱ्यानें काय करावें, याविषयीं त्या संघांत एका अक्षराचाहि करार नव्हता. अयाझचें वर्तन वीराचें नव्हे हें आम्ही मान्य करतों. परंतु त्याला दगाबाज म्हणावयाचें तर ज्या वचनाला तो चुकला तें वचन प्रथम दाखविलें पाहिजे.

हा रोग केवळ त्या एका संघाचा नव्हता. १५३८ सालीं उस्मानी सेनापति सुलेमान पाशा मोठें आरमार घेऊन दीव सोडविण्यास आला. वाटेंत त्यानें एडनच्या अधिपतीला पाहुणचाराच्या निमित्तानें जहाजावर बोलावून फांशीं दिलें होतें. ती वार्ता गुजरातेंत पोहोंचल्यावर गुजराती दरबारानें या दोस्ताला रसद पुरविण्यांत हात आंखडला, आणि पाशा हात हालवीत परत गेला. १५७०-७१ चा संघ आपल्या अधिक जवळचा आहे. अली आदिलशहा, मूर्तझा निजामशहा व झामोरीन यांनीं गोवा, चौल व मलबारांतील ठाणीं यांवर एकदम उठावणी केली. सुमात्रांतील अचिनच्या सुलतानालाहि त्यांत ओढलें होतें. कोणीं काय घ्यावयाचें ही वांटणी आधींच ठरली होती. कोणीं कोणाच्या मदतीस केव्हां जावयाचें हें मात्र ठरलें नव्हतें. व्हाइसरॉय लुईश द आताइद यानें गोव्यास वेढा पडलेला असतांहि चौल सोडलें नाहीं. निजामशहानें जुलै १५७१ मध्यें आपला तह करून घेतला, आदिलशहानें डिसेंबरांत आपला. अचिनकर वेळेवर आलेच नाहींत.

यावरून एकी हा युरोपियनांचा गुण व दुही हा आमचा, असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. त्या रीतीच्या लोकांनीं १७२१ सालचें कुलाब्याचें प्रकरण वाचावें. कान्होजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रज व पोर्तुगीज एक झाले, सुमारें सहा हजारांची फौज अलिबागेस उतरली, आणि इंग्रजांचा हल्ला फसतांच कमोडोर मॅथ्यूज यानें पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडापुढें काठी नाचवून त्याला दगाबाज ठरविलें. बाजीराव फौजेसह येऊन पोहोंचलाच होता. पोर्तुगीजांनीं जानेवारी १७२२ मध्यें मराठ्यांशीं आपला वेगळा तह केला. हरलेल्या दोस्तानें दुसऱ्याला द्यावयाची शिवी दोन शतकांत बदलली नव्हती.

आजहि वृत्तपत्रांत राष्ट्रसंघांच्या भावी सामर्थ्याची चर्चा आपण वाचतों. उत्तर अटलांटिक संघाच्या ३२ राष्ट्रांनीं २०२५ च्या जूनमध्यें हेग येथें ठरविलें कीं, २०३५ पर्यंत प्रत्येकानें राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा पांच इतका खर्च संरक्षण व तत्संबंधी कामांवर करावा. आंकडा मोठा आहे, आणि बहुतेक चर्चा आंकड्याचीच होते. त्या संघाच्या १९४९ च्या करारांतील पांचवें कलम मात्र बारकाईनें वाचण्यासारखें आहे. एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, असें तें म्हणतें. पण मदत कोणत्या स्वरूपाची करावयाची हें ज्यानें त्यानें ठरवावयाचें, अशी मोकळीकहि त्यांत आहे. आपल्याकडे हिंदी व अमेरिकन आरमारांचा 'मलबार' नांवाचा सराव १९९२ पासून सुरू झाला, २०१५ पासून जपान त्यांत कायमचें आलें व २०२० सालीं ऑस्ट्रेलियाहि आलें. सरावानें खलाशांना परस्परांचे इशारे कळूं लागतात, आणि १५०९ सालच्या खाडींत तेवढेंहि झालें असतें तर लढाई वेगळी दिसली असती. तरीपण सराव म्हणजे करार नव्हे. उद्यां कोणा एकाचें बंदर जळूं लागलें तर इतरांच्या जहाजांचे नांगर कोणाच्या हुकुमानें उचलले जातील, हा अयाझचा प्रश्न जहाजें मोजून सुटत नाहीं.

संघाच्या घटकांचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. ज्या उस्मानी सुलतानाकडून मिसरला दुसऱ्या आरमारासाठीं लांकूड व तोफा मिळाल्या, त्याच्याच वारसानें १५१६-१७ मध्यें मामलूकांचें राज्य गिळलें. कान्सूह रणांत पडला. हुसेनच्या पळालेल्या लोकांपैकीं कांहीं गोव्यास आदिलशहाच्या आश्रयास गेले व तेथें नवीं जहाजें बांधूं लागले. आल्बुकेर्कची दृष्टि गोव्यावर वळण्यास तें एक कारण झालें. १५१० च्या नोव्हेंबरांत गोवें कायमचें गेलें. आल्मेदा लिस्बनला पोहोंचलाच नाहीं. १ मार्च १५१० रोजीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं, पाण्यासाठीं उतरला असतां, तेथील रहिवाशांशीं झालेल्या चकमकींत तो मारला गेला.

दाभोळ मात्र पुन्हां वसलें. होळीनंतर सातआठ वर्षांनीं दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजानें किनाऱ्याचें वर्णन लिहिलें, त्यांत हें शहर व्हाइसरॉयनें मोठ्या कत्तलीनिशीं उध्वस्त केल्याचें तो सांगतो, आणि लगेच पुढें, आतां तेथें मुसलमान व हिंदु यांची वस्ती परत भरली असून व्यापार चालू आहे, असें म्हणतो. घोडे येत होते, कापड जात होतें. फरक इतकाच पडला कीं, खाडीबाहेर पडणाऱ्या नाखव्याला आतां फिरंग्यांचा परवाना जवळ बाळगावा लागे.